नारंगीची शेवटची सोळा पानं

आमचे घरमालक उभ्यानं वाचायचे. जेवायचे बसून, दाढी करायचे बसून, शेजाऱ्याशी भांडायचे तेही पायरीवर ऐसपैस बसून. पण पुस्तक हातात आलं की उठून उभे. ओसरीच्या कोपऱ्यात कचेरीच्या लिलावातून आणलेली एक उंच लाकडी घडवंची होती. तिच्यावर पुस्तक उघडं ठेवायचं, शेजारी साबणाच्या डबीत ओला स्पंज, त्याला बोट टेकवून पान उलटायचं. थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाला ते घरात घेत नसत. खोली बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा म्हातारा भाषणाची तयारी करतोय.

"तुम्ही बसून वाचत नाही का?" मी विचारलं.

"छत्तीस वर्षं रेकॉर्ड रूममधी होतो. साहेब आला का उठा लागे. मंग म्या म्हटलं, बसायचंच कायले?"

ते मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या कचेरीत दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे कागदांना नंबर घालणारा, नस्त्या दाभणानं शिवणारा, त्यांना लाल फीत बांधून फळीवर ठेवणारा माणूस. साहेबाच्या खाली बाबू, बाबूच्या खाली दफ्तरी, आणि दफ्तरीच्या खाली वाळवी, अशी उतरंड ते स्वतःच सांगायचे. सगळा वॉर्ड त्यांना काकाजी म्हणायचा.

बालाघाटात खोली शोधताना मला आडनावाची सवय झाली होती. म्हणजे माझ्या आडनावाची लोकांना होणारी अडचण मला पाठ झाली होती. आधी आडनाव, मग "कौन समाज से हो बेटा", मग "खोली तर कालच दिली". तीन घरं अशी झाली होती. चौथ्या घरी मी उत्तर तयार ठेवलं होतं; उत्तर कसलं, पाच मिनिटांचं भाषणच. काकाजींनी ते वाया घालवलं. त्यांनी विचारलं, "वाचते काय?"

"वाचते. वैचारिक वाचते."

"वैचारिक म्हणजे किती पानं?"

"सोळा. कधी बत्तीस."

"त्याले पाठ असते काय?"

"पाठ कशाला? मधे दोन पिना असतात."

"पाठ नाई, तं ते फळीवर उभं कसं राह्यते?"

मी चिडले. "फळीवर उभं राहायला ते नसतंच. ते हातोहात फिरायला असतं."

काकाजी हसले, चावी काढून घडवंचीवर ठेवली आणि म्हणाले, "घे. आजपासून तुहं नाव पॉम्प्लेट."

मी राजेगावजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरी पुस्तकांचं कपाट नव्हतं, पत्र्याची पेटी होती, आणि ती पुस्तिकांनी भरलेली होती. दसऱ्याला नागपूरला गेलं की बाबा नव्या पँटऐवजी पुस्तिका आणायचे. मी मुळाक्षरं गिरवली ती मोर्च्याच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. विहारात दर रविवारी कोणीतरी एक पुस्तिका मोठ्यानं वाचायचं आणि शेवटी चर्चा व्हायची. त्यामुळे छापलेल्या मजकुराच्या शेवटी मागणी असते, हे मला श्वासाइतकं नैसर्गिक वाटायचं. कादंबरीच्या शेवटी काय असतं? कोणीतरी खिडकीतून बाहेर बघत बसतं. पोटभर जेवलेल्या लोकांचा हा उद्योग आहे, असं माझं ठाम मत होतं. त्यावर मी एक पुस्तिकाही लिहायला घेतली होती. सहा पानं झाली होती.

आणि नशिबानं मी राहायला आले ती चारशे कादंबऱ्यांच्या घरात.

मधल्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या. गोंदिया-नागपूरच्या रद्दीवाल्यांकडून आणलेल्या मराठी कादंबऱ्या काकाजी उसवायचे, पानं मोजायचे, खळ लावायचे आणि दाभणानं पुन्हा शिवायचे. वर कापड डकवायचे. कापड मिळेल ते: जुना पडदा, फाटकी छत्री, कोणाच्या झंपरचा उरलेला तुकडा. पाठीवर नाव मात्र लिहायचे नाहीत. "नाव लिवलं का लोक नावाले वाचते, पुस्तकाले नाई," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या वॉर्डात कादंबऱ्यांची नावं कापडावरून पडली होती. "काकाजी, छत्री आली काय वापस?" "पडदा कोणाकडं हाय?" "मले ते फुलाफुलाची द्या, ज्याच्यात इन्स्पेक्टर जुळा निघते ते." कुठली कादंबरी थोर आणि कुठली फुटकळ, हे कापडावरून कळायची सोय नव्हती.

पुस्तक न्यायला पैसे नव्हते, अट होती. एक पुस्तक मिळायचं नाही, जोडीच न्यावी लागायची: एक थोर, एक लोकप्रिय, दोन्हींना मिळून एक लाल फीत.

"गाडीले दोन बैल लागते," काकाजी सांगायचे. "नुसतं थोर वाचणाऱ्याले बद्धकोष्ठ होते. नुसतं दुसरं वाचणाऱ्याले जुलाब. तुमच्या वॉर्डाची तब्येत माह्या हाती आहे."

थोर कादंबरीबद्दल त्यांना प्रेम होतं, भीड नव्हती. "थोर कादंबरीत पह्यले पन्नास पानं कोणी दारच उघडत नाई. फुटकळ कादंबरीत पह्यल्याच पानावर दार तोडते. पण शंभराव्या पानावर पाह्य. थोरवाला अजून दारात उभा असते, अन् तुले समजते का दारात तूच उभी आहे."

प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीची टिंबं असायची. जिथं झोप लागली किंवा कंटाळून सोडलं, तिथं वाचकानं टिंब द्यायचं, असा नियम. खोटं बोललेलं त्यांना चालत नसे. पान सोडलं तर "सोडलं" म्हणून सांगायचं. एका फार मोठ्या कादंबरीच्या सत्तराव्या पानावर मुंग्यांची रांग लागावी तशी टिंबं होती. "हा आपला टोलनाका," काकाजी म्हणायचे. "अर्धा वॉर्ड इथंच थांबला." स्वतःचं टिंब ते लाल पेन्सिलीनं द्यायचे. प्रत्येक पुस्तकात एकेक लाल टिंब होतं, पार शेवटाजवळ. इतक्या शेवटाजवळ येऊन यांना झोप कशी लागते, हे कोडं मला तेव्हा पडायला हवं होतं. पडलं नाही.

माझी पहिली जोडी मी आठ दिवसांनी परत केली. थोर कादंबरी मी हट्टानं वाचली होती, टीका करता यावी म्हणून. फुटकळ कादंबरीला हात लावला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता. काकाजींनी फीत नुसती चाचपली.

"वरचं पुस्तक काढलं, वाचलं, अन् पुन्हा तसंच सरकवलं. फीत सुटलीच नाई. गाठ माह्यी आहे."

"काकाजी, ते मी वाचणार नाही. लोकांना गुंगीत ठेवणारं साहित्य आहे ते."

"लोकाइले गुंगी येते का नाई, हे लोकाइले विचारलं काय? का तुह्या मीटिंगमधीच ठराव पास केला?"

पुस्तक परत माझ्या हातात आलं. रविवारी दुपारी, शत्रूचा अभ्यास म्हणून मी ते उघडलं, आणि संध्याकाळी शेवंतामावशीनं दार वाजवलं तेव्हा मी तिला म्हणाले, "थांब मावशी, तो खुनी गच्चीवर आहे."

ही शेवंतामावशी आमच्याच बोळात राहायची. डबे करायची, माझाही डबा तिच्याकडचा. आधी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती, तिथून सुटल्यावर हा धंदा. डबा द्यायला यायची तेव्हा तिच्या पिशवीत भात-वरणाच्या डब्यांशेजारी लाल फीत बांधलेली जोडी असायचीच. काकाजी तिच्याकडे बोट दाखवून नव्या वाचकांना सांगायचे, "ही पाह्य. हिले थोर साहित्यानं उभी केली. नारंगीनं."

गोष्ट सगळ्या वॉर्डाला माहीत होती. अठराएक वर्षांपूर्वी शेवंतामावशी किरनापूरकडच्या सासरहून मार खाऊन माहेरी आली होती. भाऊ-भावजय परत पाठवायच्या तयारीत. ती दिवसभर काकाजींच्या ओसरीत येऊन बसायची, कारण घरात बसायला जागा नव्हती. काकाजींनी तिच्या हातात नारंगी दिली. नारंगी म्हणजे दुकानाच्या जुन्या छताच्या कापडात बांधलेली, जाडजूड, नावाजलेली कादंबरी. द्वारका नावाच्या बाईची कथा. सासरी तीनशे चौऱ्याऐंशी पानं सोसते. शेवटी एका सकाळी तांब्याची कळशी उचलून घराबाहेर पडते, आणि पुढच्या सोळा पानांत कोर्टातून सुटका होऊन, वकीलबाईबरोबर चहा पिऊन, मुलींच्या वसतिगृहात नोकरीसाठी अर्ज देते. मावशीनं ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काकाजींना म्हणाली, "एक अर्ज लिवून द्या जी."

मी नारंगी वाचायला घेतली ती पाचव्या की सहाव्या महिन्यात. तोपर्यंत माझी सहा पानांची पुस्तिका सहा पानांवरच थांबली होती. नारंगीनं मला धरलं. खोटं कशाला बोलू, मी हलले. जात्यावरच्या हातांचं वर्णन होतं त्यात एका ठिकाणी, त्या पानावर मी माझी आजी पाहिली. एकही घोषणा नाही, एकही मागणी नाही, आणि माझ्या मुठी वळलेल्या.

मग पान तीनशे चौऱ्याऐंशी उलटलं आणि समोर पान दोनशे नऊ.

कागद वेगळा, जास्त पिवळा. टाइप वेगळा. द्वारका कळशी घेऊन घराबाहेर पडली होती. इथं अलका नावाची बाई कोर्टाच्या पायऱ्या उतरत होती. वकीलबाईचं नाव आधीच्या तीनशे पानांत कुठंच नव्हतं. मी आमच्या वॉर्डातल्या शिंप्याला विचारलं. त्यानं नारंगी तीनदा वाचली होती.

"दादा, द्वारकेची अलका कशी झाली?"

शिंपी हातातली कैची न थांबवता म्हणाला, "दुसरं लग्न झालं असेल ना. लग्नात नाव बदलते."

"आणि कळशी? कळशी घेऊन बाई कोर्टात जाते?"

"उसपे मैं भी सोचा था," तो म्हणाला. "वकिलाले फी दिली असेल. तांब्याची होती. पण एक बात आहे, एवढा नामी लेखक, अन् त्याले आखरी में अक्कल आली."

मी नागपूरच्या मैत्रिणीला फोन केला. तिनं तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून त्याच कादंबरीच्या शेवटच्या पानांचे फोटो पाठवले. खऱ्या कादंबरीत द्वारका कोर्टात जात नाही. ती घाटावर जाते, कळशी पायरीवर ठेवते, आणि पाण्यात उतरते. परत येत नाही.

म्हणजे काकाजींनी भलत्याच कादंबरीची शेवटची सोळा पानं नारंगीला शिवली होती, आणि अठरा वर्षं अख्खा वॉर्ड ती थोर साहित्य म्हणून वाचत होता.

इथं मी काय करायला हवं होतं, ते आज मला कळतं. ओसरीत जाऊन काकाजींना हळूच सांगायला हवं होतं. पण मी पत्रकांवर वाढलेली. चूक सापडली की ती छापायची, हा आमचा संस्कार. मी तेव्हा कोर्टाजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात टायपिंग करायचे. तिथंच, जेवणाच्या सुट्टीत, मी शुद्धिपत्र तयार केलं. अर्ध्या कागदावर, जाड अक्षरात: "वाचकहो, अठरा वर्षं आपली दिशाभूल झाली!" खाली दफ्तरी काकाजींच्या हातून झालेल्या चुकीचं सविस्तर वर्णन. खऱ्या शेवटाचा सारांश. शेवटी मागणी: नारंगीतला खोटा शेवट तत्काळ काढून खरा लावण्यात यावा. आणि तळाशी: "एक जागरूक वाचक". तीस प्रती काढल्या आणि काकाजी बाजारात गेले असताना फळीवरच्या जोड्यांत एकेक सरकवून दिली. एक प्रत घडवंचीवर ठेवली.

काकाजी आले. त्यांनी स्पंजाला बोट टेकवलं आणि उभ्यानं शुद्धिपत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात ते अनाथ पानं ठेवायचे: ज्यांचं पुस्तक वाळवीनं खाल्लं, अशी सुटी पानं. डब्याच्या तळाशी सोळा पानांचा एक जुडगा निघाला. पहिल्या पानाचा आकडा तीनशे पंच्याऐंशी.

"पोरीच्या लग्नाचे आठ दिवस होते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पानं शिवायच्या टेबलावर लाडू बांधले बायाइनं. म्या उसवलेल्या पुस्तकाइची पानं सगळी उचलून एकावर एक ठेवलती."

"पण काकाजी," मी म्हणाले, "नंतर तरी दिसायला हवं होतं. तुम्ही तर नारंगी कितीदा वाचलीय."

"अकरा वेळा."

"मग?"

त्यांनी जुडग्याच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "तीनशे चौऱ्याऐंशीपर्यंत."

मला कळेना. मी मधल्या खोलीत जाऊन फळीवरून एक पुस्तक काढलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकात लाल टिंब, प्रत्येकात शेवटाच्या पंधरा-सोळा पानं आधी. चारशे कादंबऱ्यांच्या या धन्यानं एकाही कादंबरीचा शेवट वाचलेला नव्हता.

"हसू नको," माझ्यामागे आत येत ते म्हणाले. मी हसत नव्हते. "छत्तीस वर्षं माह्याकडं बंद झालेल्याच नस्त्या आल्या. फैसला झाला, ठप्पा लागला, मंग दफ्तरीकडं. चालू केस म्या कधी पाह्यलीच नाई. म्हटलं, घरी तरी चालू राहू दे."

आणि जुडगा हातात घेऊन ते खाली बसले. जमिनीवर, पुस्तकांच्या खोलीत. मी त्यांना पुस्तक हातात असताना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या खोलीच्या दाराला लाल फीत. जोड्या बंद. लोक यायचे, फीत बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि जायचे. शिंपी म्हणाला, "बहुत अच्छा काम किया मॅडम, अब सब टीव्ही देखेंगे." चौथ्या दिवशी काकाजींनी नारंगी घडवंचीवर आडवी ठेवली आणि कातडं कापायची सुरी काढली.

"चूक माही, दुरुस्ती माही," ते म्हणाले. "कापतो अन् खरं लावतो. तुही मागणी मंजूर."

मला वाटलं, सत्य जिंकलं. विचित्र गोष्ट अशी की आनंद होत नव्हता. सुरी शिवणीला लागणार तेवढ्यात शेवंतामावशी डबा घेऊन ओसरीत आली. दुसऱ्या हातात माझं शुद्धिपत्र.

"हे तू छापलं काय वं?"

"हौ, मावशी."

"काकाजीची चूक म्हणून त्याइचं नाव लिवलं. तुह्यं कुठं आहे? जागरूक वाचक म्हणे. येवढी जागरूक तं सही कराले काहून झोप लागली?"

बिनसहीची पत्रकं काढणाऱ्यांवर बाबा आयुष्यभर चिडले होते.

मावशीनं डबा खाली ठेवला. "काकाजी, खरंच बुडते काय जी ते?"

"पॉम्प्लेट म्हणते, बुडते. म्या नाई वाचलं."

"मंग म्या कोणाच्या मांगं गेलती?"

हे तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं. मी म्हणाले, "मावशी, पण खरं ते खरं. लेखकानं लिहिलंय ते—"

"म्या कायले खोटं म्हणू? वाचा ना खरं. मले बी आयकू द्या. अठरा वर्षं झाले, बाई कुठं गेली ते तं समजू द्या."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तो जुडगा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. मग घेतला. ते पायरीवर बसले, चष्मा पुसला, स्पंज मागितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कादंबरीचा शेवट वाचायला लागले. मोठ्यानं. कचेरीत हुकूम वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात सुरुवात केली त्यांनी, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तो आवाज टिकेना.

मी ती पानं फोनवर पाहिली होती. पाहिली होती म्हणजे पुरावा म्हणून तपासली होती. ऐकली तेव्हा कळलं की मी काय तपासत होते. पहाटेचा घाट, ओल्या पायऱ्या, पायरीवर ठेवलेल्या कळशीचा तो एक बारीक आवाज. लेखक बाईला कुठंही ढकलत नाही, थांबवतही नाही. नुसता तिच्या बरोबर चालतो, पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. काकाजी थांबले तेव्हा समोरच्या घरातला कुकर शिट्टी देत होता आणि आम्हा तिघांनाही तो ऐकू आला नव्हता.

शेवंतामावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"लय सुंदर लिवलं," ती म्हणाली. "मरण इतलं सुंदर लिवलं, तं कोणालेबी जावंसं वाटन." मग म्हणाली, "तवा म्या हे वाचलं असतं, तं म्या बी गेली असती. वैनगंगा काई दूर नव्हती."

सुरी अजून काकाजींच्या शेजारी पायरीवर होती. ती त्यांनी दूर सरकवली.

माझ्या मनात मोजणी सुरू झाली. थोर पुस्तकानं तीनशे चौऱ्याऐंशी पानं शेवंतामावशीला ओळखलं, तिचं दुखणं तिला तिच्याच शब्दांत सांगितलं. आणि दाराची कडी काढली ती कुठल्याशा फुटकळ कादंबरीच्या सोळा पानांनी. जिचं नाव कोणाला माहीत नाही, जिची बाकीची पानं वाळवीनं खाल्ली. त्या सोळा पानांच्या शेवटी, आता मला आठवलं, एक अर्ज होता. म्हणजे मागणी होती. सोळा पानं आणि शेवटी मागणी. मी ज्याला गुंगीचं औषध म्हणत होते ते माझ्याच जातीचं निघालं.

काकाजी उठले आणि त्यांचा आवाज पुन्हा कचेरीचा झाला.

"नस्तीत लागलेलं पान काढता येत नाई. चुकून लागलं असन तरी नाई. काढणं गुन्हा आहे. नवं पान लावता येते फक्त. छत्तीस वर्षं म्या हेच केलं, अन् आज सुरी घेऊन बसलो."

"मंग दोन्ही लावा," मावशी म्हणाली.

"क्रम कसा?"

"खरं आंधी लावा. माहं मांगून."

मी आणि काकाजींनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं काय केलं होतं ते तिला कळलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. द्वारका कळशी उचलून निघते. घाटावर कळशी ठेवते, पाण्यात उतरते. पान उलटलं की एक बाई कोर्टाच्या पायऱ्या उतरतेय, आणि तिचं नाव दुसरं आहे. आमच्या समाजात हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजोबा सांगायचे, एका दसऱ्याला सगळं गाव नागपूरहून जुनं टाकून नवीन होऊन घरी आलं होतं.

काकाजींनी दोरा ओवला. मेणावरून ओढला. दाभण घातलं. तिसऱ्या टाक्याला थांबून माझ्याकडे हात केला. "आण."

"काय?"

"तुहं शुद्धिपत्र. दोन शेवटाइच्या मधात लावतो. वाचणाऱ्याले समजलं पायजे का काय झालं. पण आंधी सही कर. बिनसहीचा कागद नस्तीत लागत नाई."

मी सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. त्यांनी वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं पानाचा आकडा घातला, चारशे एक, आणि दोन थोर-फुटकळ शेवटांच्या मधे माझा अर्धा कागद शिवून टाकला. "घे," म्हणाले, "पॉम्प्लेटले पाठ आली."

त्या महिन्यात नारंगीसाठी रांग लागली. शिंप्यानं ती चौथ्यांदा नेली आणि परत करताना फार समाधानानं सांगितलं, "कळशीचा पत्ता लागला, काकाजी. घाटावरच राहिली होती."

आता काकाजी गोंदियाला मुलीकडे असतात. डोळ्यांनी साथ सोडली, घडवंचीपाशी उभं राहणं जमेना. फळ्या शेवंतामावशीच्या पुढच्या खोलीत आल्या आहेत. डब्यांच्या वासात कादंबऱ्या सुखात आहेत. जोडीची अट तशीच. फीत मी बांधते, पण माझी गाठ लोक ओळखत नाहीत. माझ्या त्या सहा पानांच्या पुस्तिकेचं पुढे काय झालं हे मला कोणी विचारू नये. पेटीत आहे.

मागच्या महिन्यात पुस्तकं झटकताना मी नारंगी उघडली. तीनशे चौऱ्याऐंशीवर जुनं लाल टिंब होतं. सवयीनं मी पुढे चाळत गेले: घाट, माझा कागद, कोर्ट, चहा, अर्ज. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, आणखी एक लाल टिंब. थोडं हललेलं.

"तितं झोप लागली असन त्याइले," मावशी डब्यात भात भरत म्हणाली.

मला राहवेना. मी गोंदियाला फोन लावला. त्यांच्या मुलीनं तो त्यांच्या कानाशी धरला.

"काकाजी, नारंगी शेवटपर्यंत वाचली तुम्ही?"

"हौ."

"म्हणजे एक केस तरी बंद झाली म्हणायची."

"कुठं बंद झाली, पॉम्प्लेट?" पलीकडून तोच कचेरीचा आवाज आला. "अर्ज दिला तिनं. जवाब यायचा आहे."